पिवळ्या पिनेपासून एचडीएमआयपर्यंत : टीव्हीमागच्या तारांचा इतिहास

१/ घरातला टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे ओढून त्याच्या पाठीमागे पाहा. पिवळे-पांढरे-लाल गोल खोबण, हिरवे-निळे-लाल खोबण, अँटेनाची जाड पिन, आणि चपट्या तोंडाची दोन-तीन एचडीएमआय छिद्रे. होम थिएटर मांडू पाहणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : यांपैकी चित्रासाठी सर्वांत चांगली जोडणी कोणती? दुकानदाराचे उत्तर एका शब्दाचे असते. इतिहासाचे उत्तर जरा लांब आहे. पण तेच अधिक खरे आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ हे प्रत्येक खोबण कुणीतरी, कधीतरी, एखाद्या अडचणीतून वाट काढण्यासाठी घडवले. काहींमागे अभियंत्यांची तडजोड आहे, काहींमागे कंपन्यांची स्पर्धा, आणि शेवटच्या दोन-तिघांमागे तर वकिलांची फौज आहे. चित्र घरात आल्यावर त्यावर मालकी कुणाची, प्रेक्षकाची की चित्रपट कंपन्यांची, हा वाद याच तारांमधून लढला गेला. त्यात नुकसान सोसले ते सर्वांत आधी नवी वस्तू विकत घेणाऱ्या हौशी मंडळींनी.

३/ आरंभ १९४१ पासून. अमेरिकेत त्या वर्षी कृष्णधवल दूरचित्रवाणीचे मानक ठरले. ते ठरवणाऱ्या समितीच्या नावावरून त्याला एनटीएससी म्हणतात. ५२५ रेषा, सेकंदाला ३० चित्रे, आणि प्रत्येक वाहिनीला हवेतील ६ मेगाहर्ट्झची पट्टी. ही पट्टी म्हणजे जणू गावातला ठरावीक रुंदीचा बोळ. पुढे जे काही न्यायचे, ते त्याच बोळातून न्यावे लागणार होते. आपल्या कथेतील पहिली अडचण या बोळात निर्माण झाली.

४/ महायुद्धानंतर रंगाची ओढ लागली. १९५० मध्ये अमेरिकी दूरसंचार आयोगाने सीबीएस कंपनीची रंगपद्धती मंजूर केली. पीटर गोल्डमार्क यांच्या त्या पद्धतीत लाल, हिरवी, निळी चित्रे एकामागून एक धाडली जात. रंग उत्तम दिसत. परंतु लोकांच्या घरातील कृष्णधवल संचांवर ते प्रक्षेपण दिसतच नसे. आरसीए कंपनी न्यायालयात गेली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली आणि १९५१ मध्ये हरली. तरीही सीबीएसचे प्रक्षेपण त्याच वर्षी काही महिन्यांत थांबले. लाखो जुने संच ज्याला पाहू शकत नाहीत, अशा प्रक्षेपणाला प्रेक्षक आणायचे कोठून?

५/ धडा स्पष्ट होता : नव्याने जुन्याला घराबाहेर काढता कामा नये. डिसेंबर १९५३ मध्ये दुसरी पद्धती मंजूर झाली. तिचे मूळ तत्त्व फ्रेंच अभियंता जॉर्ज वालान्सी यांनी १९३८ मध्येच मांडले होते. चित्राचे दोन भाग करायचे. एक उजेडाचा, म्हणजे कुठे किती प्रकाश आहे हे सांगणारा, दुसरा रंगाचा. जुना संच उजेडाचा भाग घेईल आणि कृष्णधवल चित्र दाखवील. नवा संच दोन्ही घेईल आणि रंगीत दाखवील.

६/ पण रंगाचा भाग ठेवायचा कुठे? बोळ तर तेवढाच अरुंद. अभियंत्यांनी तो उजेडाच्याच पट्टीत, सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झवर, अलगद विणून टाकला. मानवी डोळा उजेडातील बारकावे तीक्ष्णपणे टिपतो, रंगातील बारकाव्यांना मात्र तो ढिला असतो. म्हणून रंगाला थोडी जागा पुरली. आवाजाच्या लहरीशी रंगाची झटापट होऊ नये म्हणून सेकंदाला ३० चित्रांची गती किंचित घटवून २९.९७ करावी लागली. आजही चित्रसंपादन करणाऱ्यांच्या पडद्यावर तो विचित्र आकडा दिसतो, तो या १९५३ च्या तडजोडीचा वारसा.

७/ दूध आणि पाणी एकदा मिसळल्यावर वेगळे करणे कठीण. तसेच इथे झाले. संचाला उजेड आणि रंग पुन्हा विलग करावे लागत आणि ते कधीच पूर्ण विलग होत नसत. बारीक चौकड्यांचा सदरा पडद्यावर आला की त्यावर इंद्रधनुष्य नाचू लागे, कारण संच त्या बारीक रेघांनाच रंग समजून बसे. दोन गडद रंगांच्या सीमेवर मुंग्यांसारखे ठिपके सरकताना दिसत. ज्यांनी जुन्या टीव्हीवर हे पाहिले आहे, त्यांना आता त्याचे कारण कळले असेल. यापुढे येणारी प्रत्येक नवी तार म्हणजे हे मिश्रण टाळण्याचा एकेक प्रयत्न आहे.

८/ युरोपने अमेरिकेची चूक पाहून पावले टाकली. एनटीएससीत वाटेतल्या दोषामुळे रंगाची छटा बदले. अमेरिकी अभियंतेच त्या नावाची फोड गमतीने ‘नेव्हर ट्वाइस द सेम कलर’ अशी करीत. जर्मनीतील टेलिफुंकन कंपनीचे वाल्टर ब्रुख यांनी उपाय काढला : रंगाचा एक घटक एकाआड एक रेषेत उलटा धाडायचा, म्हणजे एका रेषेतली चूक दुसरीतल्या चुकीने कापली जाईल. हीच पॅल पद्धती. फ्रान्समध्ये आँरी द फ्रान्स यांनी सेकाम ही वेगळी पद्धती केली. दोन्हींची नियमित रंगीत प्रक्षेपणे १९६७ मध्ये सुरू झाली.

९/ आपल्याकडे दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. रंग आला तो १९८२ मध्ये; त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. भारताने पॅल पद्धती स्वीकारली : ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रे. रेषा अमेरिकेपेक्षा जास्त, गती कमी. उजेड आणि रंग यांची सरमिसळ मात्र तीच. म्हणून पुढची सारी कहाणी आपल्या माजघरातील टीव्हीलाही लागू पडते.

१०/ आता घरात दुसरे यंत्र येते. सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये, जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये. पण त्या काळच्या बहुतेक टीव्ही संचांना एकच दार होते : अँटेनाचे. संच फक्त प्रक्षेपण ओळखत असे. मग व्हीसीआरमध्ये एक इवलेसे प्रक्षेपण केंद्रच बसवावे लागले. कॅसेटवरचे चित्र तो पुन्हा वाहिनीच्या लहरीवर चढवी, आणि टीव्ही ती वाहिनी लावून ते उतरवून घेई. अमेरिकेत यासाठी तिसरी किंवा चौथी वाहिनी राखलेली असे. आपल्याकडे भाड्याने आणलेला व्हीसीआर जोडल्यावर बटण फिरवत वाहिनी शोधण्याचा जो सोहळा होई, तो याचमुळे.

११/ हाताच्या अंतरावरील यंत्राकडून चित्र घेण्यासाठी ते आधी प्रक्षेपणात बदलायचे आणि लगेच पुन्हा उलगडायचे, हा द्राविडी प्राणायामच होता. प्रत्येक बदलात थोडी धूसरता, थोडी खरखर वाढे. म्हणून अँटेनाची पिन ही सर्व जोडण्यांत सर्वांत खालची. तिच्यावरचा पहिला उपाय म्हणजे आपली ओळखीची पिवळी पिन. तिच्या तारेतून चित्र लहरीवर न चढवता थेट जाते. आवाजासाठी पांढरी आणि लाल पिन वेगळी.

१२/ या पिनेचे वय ऐकून आश्चर्य वाटेल. ती १९३० च्या दशकातील आहे. आरसीए कंपनीने ती ग्रामोफोन आणि रेडिओ जोडण्यासाठी काढली होती, म्हणून तिला आजही आरसीए किंवा फोनो पिन म्हणतात. तबकडीच्या आवाजासाठी जन्मलेली ही पिन पुढे चित्रासाठी वापरली गेली. परंतु पिवळ्या तारेतून जाणारे चित्र हे एकत्रित चित्रच असते. उजेड आणि रंग अजून मिसळलेलेच. प्रक्षेपणाचा वळसा टळला, मिश्रणाचा दोष राहिला.

१३/ येथे एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. व्हीएचएसची फीत उजेड आणि रंग मिसळून ठेवीत नाही. फितीची क्षमता तोकडी असल्यामुळे रंग खाली, सुमारे ६३० किलोहर्ट्झवर, उतरवून उजेडापासून वेगळा नोंदवला जातो. म्हणजे यंत्रात दोन्ही भाग विलगच असतात. पिवळ्या तारेसाठी ते मुद्दाम मिसळायचे आणि टीव्हीने पुन्हा विलगायचे! हा उलटा व्यवहार अभियंत्यांना खुपणे साहजिकच होते.

१४/ १९८७ मध्ये जेव्हीसीने एस-व्हीएचएस आणले आणि त्यासोबत चार पिनांची छोटी गोल जोडणी घराघरांत पोहोचू लागली. तिचे नाव एस-व्हिडिओ. एका जोडीतून उजेड, दुसऱ्या जोडीतून रंग; वाटेत भेट नाही. मूळ कल्पना तिच्याही आधीची : कमोडोर ६४ या १९८२ च्या घरगुती संगणकातही उजेड व रंग अलग देण्याची सोय होती. साध्या व्हीएचएसवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेघांचा तपशील मिळे, एस-व्हीएचएसवर सुमारे ४००. सरकते ठिपके गेले, सदऱ्यावरचे इंद्रधनुष्यही मावळले.

१५/ मग एस-व्हिडिओ पिवळ्या पिनेपेक्षा नेहमीच सरस का? नाही, आणि या ‘नाही’मध्ये सगळ्या थ्रेडचे सार आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या लेझरडिस्क या मोठ्या चकत्यांवर चित्र मिसळलेल्या रूपातच कोरलेले असे. तिथे विलगीकरण कुठेतरी करावेच लागे. एस-व्हिडिओ वापरल्यास ते काम चकती वाजवणारे यंत्र करी, पिवळी पिन वापरल्यास टीव्ही करी. ज्याच्या पोटातील गाळणी चांगली, त्याला ते काम द्यावे. महागड्या टीव्हीचा धनी पिवळी पिन वापरून अधिक चांगले चित्र पाही. सर्वोत्तम तार कोणती, हे तारेवरून ठरत नाही. मूळ चित्र कोणत्या रूपात साठवले आहे, यावरून ठरते.

१६/ याच काळात फ्रान्सने वेगळीच वाट धरली होती. तेथील उत्पादक संघाच्या आद्याक्षरांवरून स्कार्ट नाव पडलेली २१ पिनांची रुंद जोडणी १९८० पासून नव्या टीव्ही संचांवर सक्तीची झाली. तिच्यातून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग स्वतंत्र जाऊ शकत. आवाज त्याच तारेत, आणि व्हीसीआर चालू होताच टीव्हीला तसा इशारा देण्याची सोयही त्यातच. पुढे हे खोबण युरोपभर पसरले. जुन्या व्हिडिओ गेमचे शौकीन आजही त्याच्यासाठी जुने युरोपी टीव्ही शोधत फिरतात.

१७/ नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी आली, १९९७ मध्ये अमेरिकेत. डीव्हीडीवर चित्र अंकांच्या रूपात साठवलेले असते आणि तीन भागांत : उजेड आणि रंगाचे दोन फरक. आता एस-व्हिडिओही तोकडे ठरले, कारण त्यात रंगाचे ते दोन भाग एकत्र बांधावे लागत. मग तीन तारांची जोडणी घरोघर आली. तिचे नाव कम्पोनंट. हिरवी, निळी, लाल अशा तीन पिना. मूळ साठवण तीन भागांत, वाटही तीन भागांची. मध्ये मिसळणे नाही, सोडवणे नाही.

१८/ या पिनांच्या रंगांनी अनेकांची फसगत केली आहे. हिरव्या तारेतून हिरवा रंग जात नाही. तिच्यातून उजेड जातो. निळी आणि लाल तार त्या त्या रंगाचा उजेडापासूनचा फरक नेतात. पडताळा घ्यायचा असेल तर जुन्या डीव्हीडी यंत्राची फक्त हिरवी तार टीव्हीला जोडा. पडद्यावर नितळ कृष्णधवल चित्र उमटेल. १९५३ मध्ये जुन्या संचांना दुखवू नये म्हणून केलेली उजेड-रंगाची ती वाटणी तुम्हाला अर्ध्या शतकानंतर घरबसल्या पाहता येते. इतिहासाचा असा सोपा प्रयोग विरळा.

१९/ कम्पोनंट ही अॅनालॉग युगाची शिखरावस्था होती. ती ७२०पी, १०८०आय अशा उच्च स्पष्टतेची चित्रे सहज वाही. अमेरिका-जपानमधल्या ज्या हौशी ग्राहकांनी अगदी आरंभीचे उच्च स्पष्टतेचे टीव्ही भरभक्कम किमतीला घेतले, त्यांच्या संचांवर हीच सर्वांत वरची जोडणी होती. ‘आपण भविष्य विकत घेतले’ अशी त्यांची भावना होती. आणि नेमक्या याच टप्प्यावर आपल्या कथेत वकील प्रवेश करतात.

२०/ वास्तविक ते दारात कधीपासूनच उभे होते. घरी टीव्हीवरचा कार्यक्रम नोंदवून ठेवणे म्हणजे चोरी, असे म्हणत युनिव्हर्सल स्टुडिओने सोनीवर खटला भरला होता. १९८४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला : नंतर सवडीने पाहण्यासाठी घरी नोंदवणे हा गुन्हा नव्हे. न्यायालयात हरल्यावर चित्रपट कंपन्यांनी यंत्रविद्येचा आधार घेतला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून कॅसेटवर मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती आली. टीव्हीवर चित्र ठीक दिसे, पण दुसऱ्या व्हीसीआरवर नक्कल केली की ते उजळे, काळवंडे, थरथरे.

२१/ दुसरीकडे पडदाच बदलत होता. काचेच्या नळीचा टीव्ही स्वभावतः अॅनालॉग होता. चपटा पडदा अंकांनी चालतो. डीव्हीडीवरचे अंक अॅनालॉग करायचे, तारेतून न्यायचे, आणि पडद्याने पुन्हा अंकांत बदलायचे, हा आणखी एक द्राविडी प्राणायाम झाला. इंटेल, सिलिकॉन इमेज, कॉम्पॅक, फुजित्सू, एचपी, आयबीएम आणि एनईसी यांच्या गटाने १९९९ मध्ये संगणकासाठी डीव्हीआय जोडणी जाहीर केली. अंक जसेच्या तसे पडद्यापर्यंत. चित्राच्या दृष्टीने पाहिले तर ही खरी क्रांती.

२२/ पण जे अंक जसेच्या तसे पडद्यापर्यंत जातात, ते जसेच्या तसे नक्कल करणाऱ्या यंत्रापर्यंतही जाऊ शकतात. चित्रपट कंपन्यांना हीच धास्ती होती. इंटेलने त्यावर एचडीसीपी ही कुलूपव्यवस्था तयार केली. चित्र देणारे यंत्र आधी पडद्याला विचारते : तुझ्याकडे मान्यतेची किल्ली आहे का? उत्तर पटले तरच चित्र सुटते, तेही कुलूपबंद रूपात. तारेची दोन टोके एकमेकांची ओळखपत्रे तपासू लागली.

२३/ डिसेंबर २००२ मध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी एचडीएमआयची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. डीव्हीआयचाच गाभा, पण जोडणी छोटी, १९ पिनांची, आणि आवाजही त्याच तारेत. कुलूपही सोबत. ग्राहकाला एका तारेत सगळे मिळाले. चित्रपट कंपन्यांना हवा असलेला पहारेकरीही त्याच तारेत मिळाला. ही जोडणी झपाट्याने पसरली, त्याचे कारण या दुहेरी सोयीत आहे.

२४/ मग त्या आरंभीच्या हौशी ग्राहकांचे काय? त्यांच्या महागड्या टीव्हीला एचडीएमआय नव्हते. अॅनालॉग कम्पोनंट तारेवर कुलूप बसत नाही, म्हणून उद्योगाने तिला ‘अॅनालॉग भगदाड’ ठरवले. २००६ मध्ये ब्लू-रे आली, तेव्हा नियमांत तरतूद होती की चकतीवर विशिष्ट खूण असल्यास अॅनालॉग तारेवरचे चित्र ९६० × ५४० पर्यंत खाली उतरवावे. या खुणेचा वापर फारसा झाला नाही, पण टांगती तलवार राहिली. पुढे नियमच कडक झाले : २०१० नंतर बनवलेल्या ब्लू-रे यंत्रांना अॅनालॉग तारेवर फक्त साधी स्पष्टता, आणि २०१३ नंतरच्या यंत्रांना अॅनालॉग चित्राची वाटच नाही.

२५/ १९५३ मध्ये अभियंत्यांनी जुन्या संचांना सांभाळण्यासाठी चित्राची शुद्धता पणाला लावली होती. साठ वर्षांनी उद्योगाने नेमके उलटे केले : चित्र शुद्ध राहिले, जुने संच वाऱ्यावर सोडले. कम्पोनंट तार काही अशक्त नव्हती. ती भरवशाची नव्हती, तेही ग्राहकाच्या नव्हे, मालकाच्या दृष्टीने. आणि कुलपाचे काय झाले? सप्टेंबर २०१० मध्ये एचडीसीपीची मूळ किल्ली जगजाहीर झाली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. नव्या आवृत्त्या आल्या, कुलूप बदलले. ज्यांचे टीव्ही बाद झाले, त्यांना मात्र काही परत मिळाले नाही.

२६/ आता एक व्यवहारी गैरसमज. अॅनालॉग तारेत दर्जा हळूहळू घसरतो : तार हलकी, लांबी जास्त, तर चित्र जरा धूसर. अंकांच्या तारेत कडा असते. अंक पोहोचले तर चित्र पूर्ण; पोहोचले नाहीत तर ठिणग्यांसारखे ठिपके, तुटक चित्र, किंवा काळा पडदा. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय तार रंग ‘अधिक खोल’ करते, हे म्हणणे अॅनालॉग काळाच्या सवयीचे अवशेष आहे. तार काम करते किंवा करत नाही. फार लांब अंतरासाठी मात्र चांगली तार खरोखर लागते.

२७/ फरक पडतो तो वहनक्षमतेचा. एचडीएमआयची पहिली आवृत्ती सेकंदाला ४.९५ गिगाबिट नेई. २००६ ची १.३ आवृत्ती १०.२ पर्यंत गेली, २०१३ ची २.० आवृत्ती १८ पर्यंत, २०१७ ची २.१ आवृत्ती ४८ पर्यंत. साधा हिशोब करा : ३८४० × २१६० ठिपके, सेकंदाला ६० चित्रे, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट. गुणाकार सुमारे ११.९ गिगाबिट होतो. वाहतुकीचा वरखर्च धरला की जवळपास १८. म्हणूनच ४के चित्र पूर्ण गतीने दाखवायला २.० आवृत्ती लागली. तार विकत घेताना आवृत्तीचा आकडा न पाहता ‘हाय स्पीड’, ‘प्रीमियम हाय स्पीड’ की ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे पाहावे; आवृत्ती यंत्राची असते, तारेला ही नावे असतात.

२८/ तर सर्वोत्तम जोडणी कोणती? नियम एकच : चित्र ज्या रूपात साठवले आहे, त्याला वाटेत कमीत कमी रूपांतरे घडतील अशी तार निवडा.
• ब्लू-रे, सेट-टॉप बॉक्स, ओटीटीची काडी, नवा गेमिंग संच : एचडीएमआय.
• जुने डीव्हीडी यंत्र, ज्याला एचडीएमआय नाही : कम्पोनंट.
• एस-व्हीएचएस यंत्र : एस-व्हिडिओ.
• लेझरडिस्क : दोन्ही लावून पाहा, डोळ्यांवर विश्वास ठेवा.
• साधा व्हीसीआर : पिवळी पिन.
• अँटेनाची पिन : बाकी काहीच नसेल तेव्हा.

२९/ ‘पण आता व्हीसीआर कुणाकडे आहे?’ असे कुणी म्हणेल. माझ्या घरी माळ्यावर आई-बाबांच्या लग्नाची कॅसेट होती. ती डिजिटल करून घेण्यासाठी एका दुकानात दिली. परत आलेल्या चित्रात आजीच्या नऊवारीच्या काठावर ठिपक्यांची रांग सरकत होती आणि बाबांच्या चौकटीच्या कोटावर इंद्रधनुष्य. चौकशी केली तेव्हा कळले की व्हीसीआर अँटेनाच्या पिनेतून जोडला होता. पुढे ओळखीच्या एकांकडील एस-व्हीएचएस यंत्र मिळाले. तीच फीत एस-व्हिडिओ तारेने नोंदवली. ठिपके गेले. आजी आज नाही. तिच्या लुगड्याचा काठ मात्र आता स्वच्छ दिसतो.

३०/ जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. जगात ते बनवणारी ती शेवटची कंपनी मानली जात होती. यंत्रे आता फक्त मोडत जाणार आणि चुंबकीय फिती क्षीण होत जाणार. १९८० आणि ९० च्या दशकांतील मुंजी, लग्ने, गणेशोत्सवातील मेळे, शाळांची स्नेहसंमेलने, गावच्या जत्रा असा महाराष्ट्राचा फार मोठा घरगुती इतिहास त्या काळ्या खोक्यांत बंद आहे. कोणत्याही सरकारी दप्तरात त्याची दुसरी प्रत नाही. चुकीच्या तारेने केलेली नक्कल हीच उद्या मूळ प्रत ठरेल, कारण मूळ फीत तोवर उरलेली नसेल.

३१/ म्हणून होम थिएटर मांडताना एचडीएमआय लावा आणि निर्धास्त व्हा. त्यात फार विचार करण्याजोगे आता उरलेले नाही. विचार करायचा तो माळ्यावरच्या खोक्याचा. या सुट्टीत कॅसेटी खाली उतरवा, फितीवर बुरशी आहे का पाहा, चालते यंत्र शोधा, आणि नोंदणी करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : ‘कोणत्या तारेने जोडणार आहात?’ उत्तर ऐकून काय म्हणायचे, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरी कोणत्या काळातील यंत्रे व फिती जपून ठेवल्या आहेत, ते खाली अवश्य लिहा. उपयोगी वाटल्यास ज्यांच्या माळ्यावर असे खोके आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचवा.